गोलाणू कोणता, ते औषधाच्या पहिल्या डोसाआधी ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

प्रतिजैविके निकामी होत चालल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत वरचेवर येतात, आणि त्या यायलाच हव्यात. पण त्यांत जंतूचे नाव क्वचितच असते. ‘जिवाणूसंसर्ग झाला’, ‘सेप्टिक झाले’, ‘इन्फेक्शन रक्तात गेले’ एवढ्यावर विषय मिटतो. या मोघमपणाची किंमत रुग्ण मोजतो. माणसाला रोग देणाऱ्या गोल आकाराच्या जिवाणूंचेच, म्हणजे गोलाणूंचेच पाहा. एकाला पेनिसिलिनचे एक इंजेक्शन पुरते, दुसऱ्यावर त्या पेनिसिलिनचा काही उपयोग होत नाही, तिसऱ्याला सेफॅलोस्पोरिन गटातली औषधे मुळातच लागू पडत नाहीत, आणि चौथ्या ठिकाणी औषधाआधी शल्यवैद्याची चीर लागते. म्हणून प्रतिजैविकाचा पहिला डोस जाण्याआधी नमुना घेतला जावा, यासाठी हे पत्र.

रुग्णांच्या हाती येणाऱ्या अहवालात पुष्कळदा ‘ग्राम पॉझिटिव्ह कॉकाय’ (कॉकाय म्हणजे गोलाणू) एवढीच ओळ असते. तो अंतिम निकाल समजू नये, ती तपासाची पहिली पायरी आहे. हान्स ख्रिश्चन ग्राम यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केलेली रंगपद्धत आजही जवळपास तशीच वापरली जाते. काचपट्टीवर पातळ लेप देऊन तो वाळवून पक्का करायचा, त्यावर क्रिस्टल व्हायोलेट १ मिनिट, धुऊन आयोडीन १ मिनिट, मग अल्कोहोल किंवा ॲसिटोनने काही सेकंद रंग उतरवायचा आणि शेवटी सॅफ्रॅनिन अर्धा ते एक मिनिट. जाड भित्तिकेचे जिवाणू जांभळे राहतात, ते ग्राम पॉझिटिव्ह; पातळ भित्तिकेचे गुलाबी होतात, ते ग्राम निगेटिव्ह. चूक होते ती बहुतेक रंग उतरवताना. अल्कोहोल जास्त वेळ राहिले की जांभळा स्टॅफिलोकॉकससुद्धा गुलाबी दिसतो. लेप जाड असला तर याच्या उलट होते. आधीच प्रतिजैविक घेतलेल्या रुग्णाच्या पुवातले अर्धमेले जिवाणूही रंग नीट धरत नाहीत. यावर उपाय सोपा आहे. नेहमीच्या नमुन्यांबरोबर ओळखीचा एक जांभळा आणि एक गुलाबी जिवाणू रोज रंगवून पाहायचा. ज्या प्रयोगशाळेत हे होत नाही, तिच्या ग्राम अहवालावर भरवसा ठेवणे कठीण आहे.

हे सगळे दहा मिनिटांत होते आणि त्यातून बरेच काही कळते. जांभळे पुंजके दिसले तर स्टॅफिलोकॉकस, जांभळ्या साखळ्या दिसल्या तर स्ट्रेप्टोकॉकस, टोकाकडे निमुळत्या जांभळ्या जोड्या दिसल्या तर न्यूमोकॉकस आणि समोरासमोरच्या बाजू चपट्या असलेल्या गुलाबी जोड्या दिसल्या तर नायसेरिया असा अंदाज बांधता येतो. अंदाज पक्का करायला पुढच्या चाचण्या लागतात. ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडच्या थेंबात वसाहत (माध्यमावर वाढलेला जिवाणूंचा ठिपका) मिसळली की स्टॅफिलोकॉकस फसफसतो, स्ट्रेप्टोकॉकस फसफसत नाही. ही कॅटलेज चाचणी. वसाहत उचलताना खालचे रक्तमिश्रित माध्यम खरवडले गेले तर रक्तपेशींतल्या कॅटलेजमुळे बुडबुडे येतात आणि स्ट्रेप्टोकॉकसला स्टॅफिलोकॉकस म्हटले जाते. त्यानंतर कोॲग्युलेज चाचणी. प्लाझ्मा, म्हणजे रक्तद्रव, गोठवणारा तो स्टॅफिलोकॉकस ऑरियस. ही नळी ३७ अंशांवर ठेवून ४ तासांनी पाहायची, आणि गुठळी नसेल तरच २४ तासांनी पुन्हा पाहायची. फक्त दुसऱ्या दिवशी पाहिले तर काही वाणांनी स्वतःची गुठळी तोवर विरघळवलेली असते आणि अहवाल चुकीने निगेटिव्ह जातो.

स्टॅफिलोकॉकस ऑरियस साधारण ३० टक्के निरोगी माणसांच्या नाकात असतो. ॲलेक्झांडर ऑग्स्टन या स्कॉटिश शल्यवैद्याने १८८० च्या सुमारास गळवांतल्या पुवात तो दाखवून दिला. गळू, केसतूड, लहान मुलांच्या तोंडाभोवती उठून पिवळट खपली धरणारे फोड, हाडातला पू, सांध्यातला पू, फ्लूनंतरचा गंभीर न्यूमोनिया, हृदयाच्या झडपांचा संसर्ग, हे सगळे त्याचे प्रताप. गळवाच्या बाबतीत एक गोष्ट ठासून सांगायला हवी. पू साचून मऊ झालेले गळू नुसत्या गोळ्यांनी बरे होत नाही. पुवाच्या पोकळीत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे औषध आत पुरेसे पोचत नाही. आत जिवाणूंची गर्दी इतकी असते की त्यांची वाढ थंडावलेली असते, आणि पेनिसिलिन गटातली औषधे वाढणाऱ्या जिवाणूवरच काम करतात. चीर देऊन पू बाहेर काढणे हाच तिथे मुख्य उपचार. ताप असेल, भोवतालची लाली पसरत असेल किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती कमी असेल, तर जोडीला प्रतिजैविक. नाकावरचे आणि वरच्या ओठावरचे गळू तर कधीही पिळू नये, कारण तिथल्या शिरा कवटीच्या आतल्या शिरांशी जोडलेल्या आहेत.

याच जिवाणूची अन्नविषबाधा निराळी असते. शिजवलेले अन्न हाताळणाऱ्याच्या नाकातून किंवा बोटावरच्या जखमेतून जिवाणू त्यात पडतात, अन्न तासन्‌तास उबदार राहते आणि त्यात विष तयार होते. ते खाल्ल्यावर १ ते ६ तासांत जोराच्या उलट्या सुरू होतात. अन्न पुन्हा उकळल्याने जिवाणू मरतात, विष मात्र टिकते. म्हणून ‘पुन्हा चांगले गरम केले होते’ हा खुलासा इथे निरर्थक ठरतो. उपचार म्हणजे क्षारसंजीवनी आणि गरज पडली तर सलाइन. प्रतिजैविकाची गरज नसते, कारण आजार विषाचा असतो, वाढत्या जिवाणूचा नसतो.

पेनिसिलिनला दाद न देणारे स्टॅफिलोकॉकस १९४० च्या दशकातच रुग्णालयांत वाढू लागले. ते पेनिसिलिनेज नावाचे विकर तयार करून औषध मोडतात. त्यावर मेथिसिलिन आले आणि १९६१ मध्ये इंग्लंडमधून त्यालाही न जुमानणाऱ्या वाणाची नोंद झाली. तोच एमआरएसए. त्याच्याकडे भित्तिका बांधणारे एक पर्यायी प्रथिन असते, त्याला ही औषधे नीट चिकटत नाहीत, त्यामुळे क्लॉक्सॅसिलिन, सेफॅझोलिन, सेफ्ट्रायॲक्सोन ही सगळी औषधे एकदम बाद होतात. प्रयोगशाळेत तो ३० मायक्रोग्रॅमच्या सेफॉक्सिटिन चकतीने ओळखतात. चकतीभोवतीचे मोकळे वर्तुळ २१ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर तो एमआरएसए धरायचा. इथे आणखी एक चूक होते, तिच्याविषयी कमी बोलले जाते. सुरुवातीला धोका नको म्हणून एमआरएसएवर चालणारे व्हॅन्कोमायसिन दिले जाते, ते योग्यच. पण अहवालात जिवाणू साधा, क्लॉक्सॅसिलिनने मरणारा निघाला तरी ‘भारी औषध चालू आहे ना’ म्हणून तेच पुढे चालू ठेवतात. साध्या वाणावर व्हॅन्कोमायसिन हे क्लॉक्सॅसिलिन किंवा सेफॅझोलिनपेक्षा कमी प्रभावी आहे. औषध महाग किंवा नवे असले म्हणून जास्त परिणामकारक ठरत नाही.

रक्ताच्या कल्चरमध्ये (रक्त माध्यमाच्या बाटल्यांत घालून जिवाणू वाढवून पाहणे) स्टॅफिलोकॉकस ऑरियस आला, अगदी एकाच बाटलीत आला, तरी तो बाहेरून मिसळला असेल असे म्हणून सोडून देऊ नये. दर २४ ते ४८ तासांनी कल्चर पुन्हा करावे, निर्जंतुक येईपर्यंत. हृदयाचा एको करावा. पू दडलेली जागा किंवा दूषित नळी शोधावी. शिरेतून औषध निदान १४ दिवस, तेही पहिल्या निर्जंतुक कल्चरच्या तारखेपासून मोजून. झडप किंवा हाड गुंतले असेल तर ४ ते ६ आठवडे किंवा त्याहून अधिक. ताप उतरला म्हणून पाचव्या दिवशी घरी गेलेला रुग्ण काही आठवड्यांनी पाठीच्या मणक्यात पू घेऊन परत येतो, तो बहुधा या तारखा न मोजल्यामुळे.

त्याचा भाऊबंद स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा आपल्या त्वचेचा रहिवासी. अनेक बाटल्यांपैकी एकीतच आला तर तो बहुधा सुई टोचताना त्वचेवरून आलेला असतो. पण शिरेतली नळी, कृत्रिम सांधा किंवा झडप असलेल्या रुग्णात वेगवेगळ्या जागांहून काढलेल्या दोन बाटल्यांत तोच वाढला तर तो गांभीर्याने घ्यावा. प्लास्टिकवर आणि धातूवर तो चिकट थर करून राहतो, त्या थराखाली औषध पोचत नाही आणि नळी काढल्याशिवाय ताप जात नाही.

आता साखळीवाले. स्ट्रेप्टोकॉकस पायोजेनिस हा मुलांच्या घशाचा मोठा शत्रू आहे. पण घसा दुखणाऱ्या मुलांपैकी जेमतेम २० ते ३० टक्क्यांत तो असतो आणि मोठ्यांत त्याहूनही कमी. बाकीचे घसे विषाणूंनी दुखतात, तिथे प्रतिजैविक वाया जाते. नाक गळते आहे, खोकला आहे, आवाज बसला आहे, डोळे लाल आहेत, तर विषाणूकडे बोट जाते. ३८ अंशांवर ताप, टॉन्सिलवर पांढरट साका, जबड्याखाली दुखऱ्या गाठी आणि खोकला अजिबात नाही, असे ५ ते १५ वर्षांचे मूल असेल तर घशाचा नमुना घ्यावा. बोळा दोन्ही टॉन्सिलवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर फिरवावा. जीभ आणि गालाला लागू देऊ नये, नाहीतर लाळेतले इतर जिवाणू वर चढतात. झटपट अँटिजेन चाचणी पॉझिटिव्ह आली तर पुरे. मुलात ती निगेटिव्ह आली तर कल्चर करावे, आणि रक्तमिश्रित माध्यमाची ती थाळी ४८ तास पाहिल्याखेरीज ‘नाही’ म्हणू नये.

सापडला, तर हा गोलाणू पेनिसिलिनने आजही मरतो. एवढ्या जुन्या औषधापुढे इतकी वर्षे नमणारा दुसरा महत्त्वाचा रोगजंतू दाखवणे अवघड आहे. तोंडाने पेनिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन पूर्ण १० दिवस, किंवा बेन्झाथिन पेनिसिलिनचे स्नायूत एक इंजेक्शन. वजन २७ किलोपेक्षा कमी असेल तर ६ लाख युनिट, त्यावर १२ लाख. मूल तिसऱ्या दिवशी खेळू लागते आणि गोळ्या फडताळात जातात, तिथे गाडे अडते. या दहा दिवसांचा उद्देश घशाचे दुखणे थांबवणे हा नसतोच, ते बहुधा आपोआपही थांबते. जिवाणू घशातून समूळ गेला नाही तर साधारण २ ते ३ आठवड्यांनी ऱ्हुमॅटिक ताप येऊ शकतो. सांधे सुजतात, ते बरेही होतात, पण हृदयाची मायट्रल झडप कायमची आक्रसते. दिलासा असा, की घसा दुखू लागल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध सुरू झाले तरी ऱ्हुमॅटिक ताप टळतो. म्हणजे कल्चरच्या अहवालासाठी दोन दिवस थांबायला भरपूर सवड आहे. ज्याला एकदा ऱ्हुमॅटिक ताप आला, त्याला दर ३ ते ४ आठवड्यांनी बेन्झाथिन पेनिसिलिन घ्यावेच लागते. हृदय बचावले असेल तर ५ वर्षे किंवा वयाच्या २१ व्या वर्षापर्यंत, यांतले जे उशिरा येईल तोवर. झडप बिघडली असेल तर निदान १० वर्षे किंवा चाळिशीपर्यंत, कधी जन्मभर.

एएसओ या रक्तचाचणीबद्दलचा गैरसमज दूर व्हायलाच हवा. ती जिवाणू दाखवत नाही, जिवाणूविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडे दाखवते. ती वाढायला आठवडा लागतो आणि ती ३ ते ५ आठवड्यांनी कमाल पातळीला पोचतात, मग महिनोन्‌महिने उतरत राहतात. आज घसा दुखतो म्हणून आज एएसओ करण्यात अर्थ नाही. नुसता आकडा जास्त आला म्हणून सांधे दुखणाऱ्या धडधाकट माणसाला वर्षानुवर्षे पेनिसिलिन टोचणे तर सरळ चूक आहे. आकड्यावर उपचार होत नसतात. ऱ्हुमॅटिक तापाची इतर लक्षणे जुळली तरच या आकड्याला किंमत.

त्वचेवर याच गोलाणूचा संसर्ग झाला की ३ ते ६ आठवड्यांनी, घशानंतर १ ते ३ आठवड्यांनी, मूत्रपिंडाला सूज येऊ शकते. चेहरा सुजतो, लघवी गडद तपकिरी होते, रक्तदाब चढतो. आणि एक तातडीची खूण. किरकोळ जखमेनंतर वरून साधी लाली दिसते, पण वेदना त्या लालीच्या मानाने फारच जास्त असतात आणि तासागणिक वाढतात. ही त्वचेखालचे आवरण सडवणारी नेक्रोटायझिंग फॅसायटिस असू शकते. इथे अहवालाची वाट पाहायची नाही. शल्यवैद्याने मृत भाग कापून काढणे, जोडीला पेनिसिलिन, आणि विषनिर्मिती थांबवण्यासाठी क्लिंडामायसिन. इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात क्लोरिनच्या द्रावणाने हात धुण्याची सक्ती केली आणि बाळंतज्वराचे मृत्यू झपाट्याने घटले. त्या ज्वराचे मोठे कारण हीच साखळी होती, हे कळायला पुढे तीन दशके जावी लागली.

गट ‘बी’चा स्ट्रेप्टोकॉकस आईला सहसा त्रास देत नाही, पण नवजात बाळाला पहिल्या आठवड्यात रक्तदोष आणि न्यूमोनिया देतो. गरोदरपणाच्या ३६ ते ३७ व्या आठवड्यात योनी आणि गुदद्वार या दोन्हींचा नमुना घ्यावा. पॉझिटिव्ह असेल तर कळा सुरू झाल्यावर शिरेतून पेनिसिलिन द्यावे, प्रसूतीच्या निदान ४ तास आधी. गरोदरपणातच गोळ्या देऊन ठेवण्याचा उपयोग नाही, बाळंतपणापर्यंत जिवाणू परत येतो.

न्यूमोकॉकसचे आवरणानुसार १०० हून अधिक प्रकार आहेत. न्यूमोनिया, कान फुटणे, मेंदूच्या आवरणांचा दाह हे त्याचे आजार. तो स्वतःच्याच विकराने स्वतःला विरघळवतो, म्हणून बेडका सकाळी काढून दुपारपर्यंत टेबलावर पडला तर कल्चर कोरे येते. बेडका खरा आहे का, हेही पाहावे लागते. सूक्ष्मदर्शकाच्या कमी वर्धनाच्या एका क्षेत्रात पूपेशी २५ च्या वर आणि तोंडातल्या चपट्या पेशी १० च्या आत हव्यात. तसे नसेल तर ती लाळ आहे, ती परत पाठवावी. या गोलाणूची एक गोष्ट डॉक्टरांनाही चकवते. पेनिसिलिनची किमान रोधक मात्रा (वाढ रोखणारी कमीत कमी मात्रा) दर मिलिलिटरला १ मायक्रोग्रॅम असलेला वाण फुप्फुसात असेल तर शिरेतल्या पेनिसिलिनने मरतो. तोच वाण मेंदूच्या आवरणात असेल तर प्रतिरोधक धरावा लागतो, कारण तिथे औषध कमी पोचते आणि मर्यादा ०.०६ इतकी खाली आहे. नमुना कुठला ते अर्जावर लिहिले नसेल तर प्रयोगशाळा चुकीचा शेरा देईल. प्लीहा काढायची असेल त्यांनी न्यूमोकॉकसची लस शस्त्रक्रियेच्या निदान २ आठवडे आधी घ्यावी.

आतड्यात राहणाऱ्या एन्टेरोकॉकस या गोलाणूविषयी एवढे पुरे की सेफॅलोस्पोरिन गटातली नेहमीची औषधे त्याच्यावर चालतच नाहीत. मूत्रमार्गाच्या संसर्गात सेफ्ट्रायॲक्सोनने ताप हटत नसेल तर त्याची आठवण ठेवावी.

गुलाबी जोड्यांपैकी मेनिंगोकॉकस काही तासांत माणूस नेतो, उपचार मिळूनही दहांतला एक रुग्ण दगावतो. ताप, डोकेदुखी, ताठ मान आणि काचेचा पेला दाबला तरी न मावळणारे जांभळट ठिपके दिसले तर थेट रुग्णालय गाठावे. सावळ्या त्वचेवर ठिपके सहज दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय आणि पापण्यांची आतली बाजू पाहावी. पाठीच्या कण्यातले पाणी काढायला वेळ लागणार असेल तर आधी रक्ताचे कल्चर घ्यावे आणि लगेच प्रतिजैविक द्यावे. हे पाणी फ्रिजमध्ये ठेवू नये, थंडीने हा गोलाणू मरतो. घरातल्या निकटच्या माणसांना प्रतिबंधक औषध लागते. मोठ्यांना सिप्रोफ्लॉक्सासिन ५०० मिलिग्रॅम एकदा, किंवा रिफाम्पिसिन ६०० मिलिग्रॅम दर १२ तासांनी २ दिवस, किंवा सेफ्ट्रायॲक्सोन २५० मिलिग्रॅमचे एक इंजेक्शन. गरोदर स्त्रीला यांतले शेवटचे.

परम्याचा (गोनोरियाचा) गोलाणू अल्बर्ट नायसर यांनी १८७९ मध्ये शोधला. पुरुषात बहुधा आठवड्याच्या आत पुवाचा स्राव दिसतो. स्त्रियांत मात्र पुष्कळदा काहीच जाणवत नाही आणि गर्भनलिका आतून चिकटून वंध्यत्व येते. त्याच्यावर पेनिसिलिन गेले, टेट्रासायक्लिन गेले, सिप्रोफ्लॉक्सासिन गेले, आता मुख्य भिस्त सेफ्ट्रायॲक्सोनवर आहे. म्हणून दुकानातून गोळ्या आणून स्वतः उपचार करणे इथे विशेष घातक. लघवीवरची जनुकीय चाचणी निदान देते, पण औषध कोणते चालेल ते सांगत नाही. इंजेक्शननंतरही स्राव राहिला तर कल्चर हवेच. मागच्या ६० दिवसांतल्या जोडीदारांचीही तपासणी आणि उपचार झाले नाहीत तर आजार फिरून येतो.

रक्ताचे कल्चर वायफळ का जाते, याची कारणे बहुधा प्रयोगशाळेबाहेरच असतात. प्रौढात दोन वेगळ्या जागांहून बाटल्यांच्या दोन जोड्या घ्याव्यात, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिलिलिटर. २ मिलिलिटर घालून ‘निगेटिव्ह’ मिळवणे सोपे आहे, रक्तात जिवाणू मुळातच विरळ असतात. अल्कोहोलयुक्त क्लोरहेक्सिडिनने त्वचा ३० सेकंद घासून पूर्ण वाळू द्यावी, नंतर शीर पुन्हा बोटाने चाचपू नये. बाटलीचे रबरी बूच ७० टक्के अल्कोहोलने पुसावे. बाटली फ्रिजमध्ये ठेवू नये. जखमेतून वरवर बोळा फिरवण्यापेक्षा सिरिंजने ओढलेला पू कितीतरी चांगला. रुग्ण अत्यवस्थ असेल तर यातल्या कशासाठीही प्रतिजैविक लांबवू नये. रक्त काढायला पाच मिनिटे लागतात, ती काढून पहिला डोस तासाभराच्या आत जायला हवा.

आपल्या आरोग्यविषयक पानावर अशा बातम्या देताना जिवाणूचे पूर्ण नाव, तो कुठल्या नमुन्यात सापडला आणि कोणत्या औषधाला दाद देत नव्हता, या तीन गोष्टी छापाव्यात ही विनंती. आणि वाचकांनी नमुना देताना अर्जावर चार ओळी लिहिल्या आहेत ना हे स्वतः पाहावे: नमुना शरीरातल्या कोणत्या जागेचा, काढल्याची वेळ, शरीरात नळी किंवा कृत्रिम भाग आहे का, आणि गेल्या दोन आठवड्यांत कोणते प्रतिजैविक, कधीपासून घेतले.

आपले,
वैद्यकीय सूक्ष्मजीवशास्त्राचे काही अध्यापक